टी३ व्हॅनमधली हवा काढताना

फोक्सवॅगनच्या पाण्याने थंड होणाऱ्या जुन्या पेट्रोल टी३ चं इंजिन मागे, रेडिएटर पार नाकाशी. मधले लांब पाइप पोटाखालून जातात. त्यामुळे कूलंट बदललं की हवा हमखास अडकते. तापमानाचा काटा वर चढतो आणि हीटर मात्र गारच फुंकतो.

इंजिन पूर्ण थंड हवं. गरम कूलंट टाकीचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. पुढची बाजू साधारण ४० सेंमी उचला, मागच्या चाकांना अडण लावा. खाली स्टँड हवेतच, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवणारे मला कळत नाहीत. हीटर फुल्ल. टाकी भरा, इंजिन चालू करून २००० आरपीएमच्या आसपास धरा. आता समोरची वरची जाळी काढून रेडिएटरच्या माथ्यावरचा स्क्रू सैल करा. आधी फुसफुस, मग फेसाळ थुंकी, शेवटी सलग धार. धार आली की स्क्रू बंद. तोवर मागे कुणीतरी टाकीत कूलंट ओतत राहायला हवं; हे एकट्याचं काम नाही.

एक फेरी मारून या, गाडी गार झाली की पातळी पुन्हा बघा. बहुधा थोडं भरावं लागतं.

सांडलेलं लगेच धुऊन टाका. ते चवीला गोडसर असतं, कुत्र्यामांजरांना विष.