पानिपतावर पैसा कमी पडला, तो कुणामुळे?

1740 मध्ये नानासाहेब पेशवे झाले आणि वडिलांचं कर्जही त्यांच्या अंगावर आलं.

'पानिपत सदाशिवरावभाऊंनी घालवलं' हे मला अजिबात पटत नाही. ऑगस्ट 1760 मध्ये फौजेला द्यायला पैसे नव्हते, म्हणून भाऊंनी दिल्लीच्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून नाणी पाडली! पुण्याहून खजिना वेळेवर पोचवणं हे पेशव्यांचं काम होतं.

कात्रजचं पाणी पुण्यात आणणारे नानासाहेब कारभारी म्हणून कर्तबगारच. पण आंग्र्यांविरुद्ध त्यांनी इंग्रजांना सोबत घेतलं आणि फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गाला आंग्र्यांचं आरमार एका दिवसात जळून गेलं. कोकण किनाऱ्यावर इंग्रजांना अडवणारं तेच तर होतं. ही चूक मला पानिपतापेक्षाही मोठी वाटते.