चारोळीची वाटणी

मंडळी, बासुंदीवर चारोळी पेरताना ती कुठून आली, हे आपण सहसा विचारीत नाही. वाण्याकडे ती तयारच मिळते. पण त्या दाण्यामागे एक झाड आहे, एक मजूर आहे आणि एक अस्वलही आहे. ह्या तिघांचा हिशेब आज आम्ही आपणापुढे मांडणार आहोत.

झाडाचे नाव चार. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेकडील सागाच्या रानांत ते आढळते. एप्रिल-मे महिन्यांत त्याची हिरवी फळे पिकून काळसर होतात. गोंड-कोलाम बाया ती वेचतात, भिजवून व चोळून साल काढतात, बी वाळवतात आणि फोडून आतला दाणा काढतात. शेतात काम नसते त्या दिवसांत हाच पैसा घरात येतो.

त्याच दिवसांत अस्वले आणि पाखरेही ह्या फळांवर जगतात. पण ती नुसती खात नाहीत. गर खाऊन बी दूर नेऊन टाकतात. चाराचे बी फार काळ उगवणीचे राहत नाही, म्हणून ते दरसाल रानात पडले पाहिजे. तेव्हा अस्वलाचा वाटा म्हणजे रानाचे बियाणेच. शहाणा शेतकरी पोटाला चिमटा घेईल, पण बियाण्याला हात लावणार नाही.

मग झाड ओरबाडले का जाते? आमच्या मते लोभापेक्षा भीतीने. ‘आज मी तोडले नाही, तर उद्या दुसरा तोडील!’ म्हणून फळ हिरवे असतानाच फांद्या छाटल्या जातात. हिरव्या फळातला दाणा बारीक व सुरकुतलेला. त्याला भाव कमी. छाटलेली फांदी पुढल्या हंगामात फळ देत नाही. मजूर बुडतो, अस्वलही उपाशी राहते.

येथे आमची चूक कबूल केली पाहिजे. आम्ही वर्षानुवर्षे केवळ भाववाढीसाठी भांडलो. भाव वाढला, तशी हिरवे तोडण्याची शर्यतही वाढली. एकट्याने संप होत नाही, तसा एकट्याने संयमही होत नाही, हे आम्हांला उशिरा कळले.

उपाय एकजुटीचाच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वननिवासींचा हक्क मानला आणि वन्यजीव राखण्याचे काम ग्रामसभेकडे सोपविले. तेव्हा ग्रामसभेने ठराव करावा : ठरल्या तारखेआधी कोणी तोडू नये, फांदी छाटू नये, शेंड्याची फळे व काही झाडे पूर्ण सोडावी, झाडाखाली जाळ लावू नये. पहाटे एकट्याने न जाता ऊन पडल्यावर बोलत-बोलत, जोडीने जावे. अचानक गाठ पडली की अस्वल अंगावर येते. टिपेश्वरसारख्या अभयारण्यात मान्य हक्क वा परवानगी नसता काहीच तोडू नये.

आणि आपण शहरवासीयांनी? सहलीला गेल्यावर गंमत म्हणून फांद्या ओढू नयेत. बाजारात टपोरा, पिकल्या फळाचा दाणा मागावा आणि त्याचा रास्त भाव द्यावा. स्वस्त हिरव्या मालाला गिऱ्हाईक नसेल, तर तो तोडण्याची घाई कोण करील?


वाटणी न्यायाची झाली, तरच पुढल्या उन्हाळ्यातही चार फळेल.