तीसजवळचा तो उंचवटा

झिओलाइटमधल्या ॲल्युमिनियमचा एनएमआर स्पेक्ट्रम घेतला, की चार ऑक्सिजनांमधला अणू साधारण ६० पीपीएमला दिसतो, सहांमधला शून्याजवळ. माझ्या नमुन्यात ३० जवळ पसरट उंचवटा आला. ‘पाच शेजारी’, असं वहीत लिहूनही टाकलं. घाई झाली!

ॲल्युमिनियम-२७ च्या केंद्रकातला विद्युतभार गोलाकार पसरलेला नसतो. भोवतालची मांडणी विस्कटलेली असेल तर सिग्नल रुंदावतो, शिवाय सरकतोही. म्हणजे चारच शेजारी असले तरी तो ३० जवळ दिसू शकतो. नमुना ५४.७ अंशांत तिरका ठेवून गरागरा फिरवला, तरी ही रुंदी पूर्ण जात नाही. तिचा उरलेला भाग ३०.६ किंवा ७०.१ अंशांना शून्य होतो. एका रोटरला दोन कोन कसे द्यायचे?

१९९५ मध्ये फ्रिडमन आणि हारवुड यांनी तोडगा काढला, तो एमक्यूएमएएस. कोन एकच, पण त्रि-क्वांटम संक्रमणाची नोंद नेहमीच्या संक्रमणाशी जोडायची. दोन्हींतली रुंदी ठरावीक प्रमाणात असते, त्यामुळे ती एकमेकींना खोडते आणि द्विमितीय नकाशात अणूंच्या जागा सुट्या होतात.

माझ्या नकाशात ‘पाच’चे चार निघाले. उत्प्रेरकाची आम्लता सांगाड्यातल्या याच ॲल्युमिनियमवर अवलंबून असते, त्यामुळे वहीतली ती ओळ वेळीच खोडली, हे बरं झालं.