घेटुळीच्या काढ्याने कोणती सूज उतरते?

पावसाच्या दोन सरी पडल्या की जुन्नर-आंबेगावच्या बांधांवर आणि पडीक रानांत घेटुळी पसरते. हीच पुनर्नवा. कोवळ्या पाल्याची भाजी होते आणि भाजीसोबत सल्लाही फिरतो : "पाय सुजलेत ना? घेटुळीचा काढा घ्या, सगळं पाणी लघवीवाटे निघून जाईल. त्या गोळ्या कशाला खाताय?" ओतूरपासून मंचरपर्यंत हे ऐकून कान किटले आहेत. काढ्याच्या गुणात तथ्य आहे, पण गोळ्या सोडण्याचा सल्ला जीव घेऊ शकतो.

पुनर्नवेने लघवी वाढते, हे वैद्यांना शतकानुशतकं ठाऊक आहे. १९२०च्या दशकात कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा यांनी ही वनस्पती तपासली. तिच्यात पोटॅशियमचे क्षार भरपूर असतात.

मग अडतं कुठे? सुजेच्या कारणापाशी. हृदयाचा जोर कमी पडला की पाय सुजतात. मूत्रपिंडातून प्रथिन वाहून जाऊ लागलं की सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते. यकृत निकामी होत गेलं की पोटात पाणी साठतं. थायरॉइड मंदावलं तरी अंग सुजतं. रक्तदाबासाठी घरोघरी चालणाऱ्या अ‍ॅम्लोडिपिनच्या गोळीनेही घोटे सुजतात. त्या गोळीने बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि द्रव बाहेर झिरपतो, म्हणून लघवी वाढवून ती सूज फारशी हटत नाही. डॉक्टरांना सांगितलं तर ते मात्रा किंवा गोळी बदलतात. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस दगावतो. या सगळ्यांवर एकच काढा कसा चालेल?

"आपल्या ग्रंथांत लिहिलंय" म्हणणाऱ्यांनी ग्रंथ जरूर उघडावा. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात शोथावर, म्हणजे सुजेवर, बारावा अध्याय आहे आणि त्यात आधी कारणं व प्रकार येतात, औषधं नंतर. सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायातल्या शोथहर दहा द्रव्यांत तर पुनर्नवा नाहीच. तिथे दशमुळं आहेत, गोखरू त्यांतलाच. पुनर्नवा वयःस्थापन, म्हणजे वय टिकवणाऱ्या द्रव्यांच्या, गणात येते. सुजेवरच्या पुनर्नवाष्टक काढ्यात ती इतर सात द्रव्यांसोबत असते, आणि त्यांत आपल्या डोंगरांतला हिरडाही आहे. रोग्याला तपासल्याशिवाय चांगला वैद्य हा काढा देत नाही.

आता सगळ्यात काळजीची गोष्ट. मूत्रपिंड अशक्त असेल तर पोटॅशियम बाहेर टाकलं जात नाही. रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या गोळ्यांनीही ते रक्तात वाढतं. त्यावर पोटॅशियमयुक्त काढा रोज घेतला, तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, तेही आधी फारशी चाहूल न देता. म्हणजे ज्याचे पाय सर्वांत जास्त सुजलेत, त्यालाच हा 'निरुपद्रवी' काढा सर्वांत महागात पडतो. निरोगी माणसाने घेटुळीची भाजी खुशाल खावी. मूत्रपिंडाच्या रुग्णाने मात्र डॉक्टरांना विचारावं, आणि त्यांनी होकार दिला तर पाला उकळून पाणी फेकून मगच भाजी करावी.

शिवाय रानातून आणलेली वनस्पती घेटुळीच आहे का? पांढरी पुनर्नवा म्हणून अनेकदा विषखापरा विकला जातो. त्याची पानं घोळासारखी मांसल असतात आणि फूल पानाच्या बगलेत बसतं. घेटुळीला बारीक गुलाबी फुलांचे तुरे येतात आणि तिची चिकट फळं कपड्यांना चिकटतात. विषखापऱ्यात ऑक्झलेट भरपूर असतं, ते मूत्रपिंडाला सोसत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. निर्गुडीच्या पाल्याचा शेक दुखऱ्या सांध्याला बरा वाटतो, पण हृदय-मूत्रपिंडाच्या सुजेवर त्याचा उपयोग नाही. गुठळीची शंका असेल तर त्या पायाला चोळणं धोक्याचं. लघवी जास्त झाली म्हणजे आजार बरा झाला, असं नाही. पाणी बंद केल्याने सूज जात नाही. मीठ कमी करणं बहुतेकांना अधिक उपयोगी पडतं, आणि पाणी किती प्यायचं ते डॉक्टर ठरवतात.

घोणस चावून आलेल्या सुजेवर पाल्याचा लेप लावत बसणं म्हणजे प्रतिविष देण्याचा मोलाचा वेळ घालवणं. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत सर्पदंशावर वर्षानुवर्षं काम करत आहेत, तरीही लेप लावून मग दवाखान्यात यायची सवय सुटलेली नाही.

आणि गरोदर बाईचा चेहरा-हात एकाएकी सुजले, डोकं दुखू लागलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर काढा उकळत ठेवू नका. त्याच दिवशी जुन्नर, घोडेगाव किंवा मंचरच्या सरकारी रुग्णालयात तिचा रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्या.