पट्टा पडेपर्यंतची बालवाडी

बालाघाटच्या रांगेत सीताफळं पिकतात आणि ऊसतोडीच्या गाड्या भरायला लागतात, ते एकाच सुमारास. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कौतुक झालं. त्याच फळाच्या काळ्याभोर, गुळगुळीत बिया इथल्या अंगणवाडीचं बिनपैशाचं साहित्य आहेत. मूठभर बिया आणि मूठभर चिंचोके एकत्र करून परातीत ओतायचे आणि पोरांना वेगळे करायला सांगायचं. चार वर्षांचं मूल आधी पंजानं ओरबाडतं, मग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत एकेक बी धरायला शिकतं. पुढे पेन्सिल धरायची ती याच चिमटीत. थोड्या मोठ्या पोरांसाठी चिंचोके मधोमध फोडायचे. एक बाजू काळी, एक पांढरी. अशी चार अर्धुकं जमिनीवर टाकली की किती पांढरी पडली हे मूल बोट न लावता नजरेनं सांगायला लागतं. सीताफळाच्या बियांची पूड मात्र डोळ्याला घातक. त्यामुळे जाणती ताई त्या मोजायला देते, ठेचायला किंवा तोंडात घालायला देत नाही, आणि खेळ आटोपला की सगळ्यांचे हात धुऊन घेते.

दसरा झाला की परातीभोवतीचं कोंडाळं विरळ होत जातं. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात निघते. शाळेत जाणारं पोर आजीपाशी ठेवता येतं. तीन वर्षांचं कुणापाशी ठेवणार? ते टायरगाडीत बसून उसाच्या फडावर जातं आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये परत येतं. अंगणवाडीची तीन वर्षं म्हणजे छत्तीस महिने. पाच-सहा महिन्यांचा हंगाम धरला तर त्यातले पंधरा ते अठरा महिने ते गावात नसतंच. खेळातून शिक्षणाचे आपले सगळे आराखडे वर्षभर एका जागी राहणाऱ्या मुलासाठी आखलेले असतात. बीडमध्ये घोडं अडतं ते इथे.

कायद्यानंही या वयाला मोघमातच ठेवलं आहे. 2009 चा शिक्षणहक्क कायदा सहाव्या वर्षापासून हक्क देतो. त्याआधीच्या मुलांसाठी कलम 11 मध्ये शासन व्यवस्था ‘करू शकेल’, एवढंच. एके काळी ‘जनार्थ’सारख्या संस्थेनं कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालवल्या. पुढे भर हंगामी वसतिगृहांवर आला. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीच्या ‘शांतिवन’नं ऊसतोड मजुरांच्या पोरांसाठी निवासी शाळा उभी केली. हे सगळं शाळकरी पोरांचं. 1948 च्या कारखाना अधिनियमानं तीसहून अधिक स्त्रिया कामाला असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर सांगितलं खरं, पण तोडणीवाली बाई मुकादमाची, कारखान्याच्या हजेरीपटावर तिचं नाव नाही. साखर कारखान्याची, मजूर बाई मात्र कुणाचीच नाही, ही सोय फार पक्की आहे.

ही अडचण महाराष्ट्राला नवी नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 मध्ये भावनगरला नूतन बालशिक्षण संघ काढला. माँटेसरीबाईंची पद्धत त्यांना पटली होती, पण तिची महागडी साधनं खेड्याला झेपणारी नव्हती. 1945 मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या. अनुताई वाघ त्यांना तिथेच मिळाल्या. शंख-शिंपले, बिया, पानं, माती यांची साधनं झाली. वस्तीतली पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेलं, तिथे आणखी एक गोष्ट ध्यानात आली. मोठी बहीण शाळेत येत नाही, कारण कडेवर धाकटं असतं. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणून ‘विकासवाडी’ झाली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळा कुरणात भरली. 1969 मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी ‘मोबाइल क्रेशेस’ सुरू केलं, त्याच्याही मुळाशी हेच होतं. काम जिथे, तिथे पाळणाघर.

2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना आली. अंगणवाडी हे नाव आता देशभर आहे. अंगण मात्र पक्क्या खोलीत गेलं. ताईच्या हातात वजनकाटा, पोषण आहार, नोंदी आणि 2021 पासून मोबाइलवरचा पोषण ट्रॅकर आला. नव्या शैक्षणिक धोरणानं तीन ते सहा वयाला पायाभूत टप्प्यात घेतलं, 2023 मध्ये ‘पोषण भी पढाई भी’ आलं, खेळण्यांच्या पेट्याही आल्या. वाईट काहीच नाही. पण दिवसातला एक सलग तास ताईला दुसरं काहीही न करता पोरांबरोबर जमिनीवर बसू द्या, तो तास कुठल्याही पेटीपेक्षा मोलाचा, असं माझं मत आहे.

फडावर पोरं खेळतातच. कोपीसमोर, म्हणजे मजुरांच्या झोपडीसमोर, वाढ्याच्या काड्यांच्या मोळ्या बांधायच्या, वीट ओढत तिचा ट्रॅक्टर करायचा, एकानं मुकादम होऊन बाकीच्यांना दरडावायचं. यात मोजणं आहे, लहान-मोठं आहे, भाषा तर भरपूर आहे. कमी आहे ते या खेळात पुढचा प्रश्न टाकणारं मोठं माणूस. या मोळीत किती काड्या, त्या मोळीत किती, जड कोणती? आई पहाटेच फडात गेलेली असते, आणि राखणीला ठेवलेली बहीण स्वतःच आठ-नऊ वर्षांची.

कोसबाडचं गणित इथे लावायचं तर ऊसतोड टोळीतल्याच एका बाईला हंगामापुरती ताई करावी लागेल. गावातून अनोळखी शिक्षिका येऊन कोपीत राहणार नाही, आणि राहिली तरी पोरं पहिले पंधरा दिवस तिच्याकडे जाणार नाहीत. पण टोळीतली बाई फडातून उठली की तिचा कोयता अर्धा होतो आणि उचल मात्र पुरी फेडायची राहते. तिचं मानधन त्या अर्ध्या कोयत्याची भरपाई करणारं नसेल तर ती दुसऱ्याच आठवड्यात पुन्हा फडात दिसेल. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये आणि तेवढाच शासनाचा वाटा, असं ठरलेलं आहे. 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची योजना त्यातून पुढे आली, तीही शाळकरी पोरांसाठी. या टनामागच्या रुपयांतला एक रुपया सहा वर्षांखालच्यांच्या नावानं वेगळा काढला, तर पहिली मानधनाची पावती कोणत्या टोळीतल्या बाईच्या नावानं फाडायची, एवढंच ठरवायचं उरतं.