क्रोशाचा हिशोब : बक्षीस वेगळे, मजुरी वेगळी

आपल्या घराघरांत क्रोशाची सुई असते. जाळीची टोपी, कुरआन शरीफचा जुजदान, दुधाच्या भांड्यावर टाकायचा मणी लावलेला रुमाल, ओढणीचा काठ, लेकीच्या लग्नात द्यायचा टेबलक्लॉथ, ही सारी कामे आपल्या आया-बहिणींच्या हातची आपण पाहिली आहेत. दुपारची जेवणे आटोपली की सुई हाती येते आणि मगरिबच्या सुमारास बाजूला ठेवली जाते. म्हणून या हुन्नराला आपण 'फावल्या वेळेचे काम' म्हणतो. व्यापाराच्या दृष्टीने हा शब्दच घातक आहे.

माझी स्वतःची चूक सांगतो. माझ्या कापडाच्या दुकानात सूत आणि लेसही असते. काही वर्षांपूर्वी मोहल्ल्यातील एक विधवा बहीण क्रोशाचा टेबलक्लॉथ विकायला घेऊन आली. मी सुताची किंमत काढली, वर दोनशे रुपये घातले आणि सौदा केला. "भाईजान, जे द्याल ते," एवढेच ती म्हणाली. संध्याकाळी माझ्या मुलीने तो पाहून विचारले, "अब्बा, हे किती दिवसांचे काम आहे?" मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी त्या बहिणीकडे चौकशी केली. पन्नास दिवस, रोज तीन-चार तास! म्हणजे तासाला दीड रुपयाही पडला नव्हता. फरकाची रक्कम नंतर पोहोचवली; पण तीस वर्षे धंदा करणाऱ्याला हे मुलीने शिकवावे, याची लाज वाटली.

असे माझ्याच दुकानात घडले असे नाही. आंध्र प्रदेशातील पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर हे गाव आहे. तेथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी हे काम बायकांना शिकवले. पुढे तेथील लेस परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन विदुषींचा या कारागीर बायकांवरील ग्रंथ 1982 साली प्रसिद्ध झाला. एजंट घरी सूत देतो, कोणी फुले विणते, कोणी ती जोडते आणि मजुरी नगावर मिळते, अशी तेथील पद्धत त्यांनी दाखवली. बायका दिवसाचे कित्येक तास राबत. पण त्या 'घरी बसलेल्या गृहिणी' समजल्या जात, म्हणून मजुरी नाममात्र राही. या लेसला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. नाव झाले ही आनंदाची गोष्ट. पण हाताला दाम मिळाला तरच नावाचा उपयोग.

आपल्याकडे म्हण आहे : हिसाब जौ जौ, बख्शीश सौ सौ. भाचीच्या लग्नात टेबलक्लॉथ द्यायचा असेल तर खुशाल दोन महिने विणा, तास मोजू नका. मात्र विकायचा माल असेल तर जवाच्या दाण्याइतकाही हिशोब सोडू नका.

मोठ्या जाळीकामाला पुरी मजुरी धरली तर गिऱ्हाईक सहसा परत जाते. क्रोशाचा खरा टाका घालणारे यंत्र बाजारात नाही. पण यंत्रावरची वेगळ्या विणीची जाळी लांबून तशीच दिसते आणि स्वस्त पडते. म्हणून विक्रीसाठी साध्या, रोजच्या उपयोगाच्या, दोन-तीन तासांत होणाऱ्या वस्तू निवडाव्यात.

उदाहरणार्थ, गरम पातेले धरायचे जाड फडके घ्या. जाड सुती दोरा आणि चार मिलीमीटरची सुई घ्यावी. तीस साखळ्या घालून मुक्या खांबाच्या ओळी घट्ट विणत चौकोन पुरा करावा. असे दोन चौकोन एकावर एक ठेवून कडेने जोडावेत आणि कोपऱ्यात टांगण्यासाठी फास करावा. समजा, सूत चाळीस रुपयांचे लागले, वेळ दोन तास आणि तासाची मजुरी चाळीस रुपये धरली. म्हणजे घरची किंमत एकशे वीस झाली. दुकानदाराने तीस रुपये घेतले तर वस्तू दीडशेला जाते. यात कोणाचा हक्क मारला जात नाही.

आता मालाविषयी. गरम भांड्याच्या फडक्याला ॲक्रिलिकचा दोरा कधीही वापरू नये. तो उष्णतेने वितळतो आणि हात भाजतो. मर्सराइज्ड सूत चमकते, ते शोभेच्या कामाला ठीक. पुसायच्या फडक्याला साधे सूत पाणी चांगले टिपते. गडद रंगाचा दोरा आधी भिजवून, रंग जातो का ते पाहावे. सुती वस्तू पहिल्या धुण्यात आटते, तेव्हा माप थोडे मोठे ठेवावे. एका वस्तूचे सर्व गुंडे एकाच लॉट नंबरचे घ्यावेत, नाहीतर छटा बदलते. काम सुरू करताना आणि संपल्यावर दोरा तोलावा, म्हणजे नेमके किती सूत लागले ते कळते.

भगिनींनी एक वही ठेवावी. तारीख, वस्तू, सुताचे वजन आणि सुई हाती घेतल्यापासून ठेवेपर्यंतचा वेळ त्यात लिहावा. व्यापारी बांधवांना विनंती की, माल हाती घेताना आधी ती वही मागावी आणि मगच भाव बोलावा. माझ्या दुकानात आता हाच नियम आहे. ती बहीणही येते. आता 'जे द्याल ते' म्हणत नाही. वही पुढे करते.