पंधरा घड्या, बत्तीस हजार थर

तापलेली पोलादी पट्टी एकदा दुमडली की दोन थर होतात, पुन्हा दुमडली की चार, मग आठ. जपानी तलवार घडवणारा लोहार हे पंधरा वेळा करतो तेव्हा थर भरतात ३२,७६८! पात्याच्या ६ मिलिमीटर जाडीत ते सारखे वाटले, तर एकेक थर केसाच्या सुमारे चारशेव्या हिश्शाइतका पातळ निघेल.

मुळात पोलादच किती महाग! शिमाने प्रांतातल्या पारंपरिक ‘तातारा’ भट्टीत तीन दिवस, तीन रात्री सुमारे १० टन लोहवाळू आणि १२ टन कोळसा रिचवला जातो. हाती येते अडीच टनांची ढेप, आणि उत्तम पोलाद त्यातले थोडेच. परवानाधारक लोहाराला लांब तलवारी वर्षाला २४च घडवता येतात.

या तलवारीची नक्षी कामातूनच उमटते. पाणी देण्याआधी पात्याला मातीचा लेप लावतात, पाठीला जाड आणि धारेला पातळ. धार झटकन थंड होऊन कडक होते, पाठ चिवट राहते, आणि दोहोंच्या सीमेवर पांढुरकी लाट उमटते. म्यानाचेही तसेच. लाकडाचे दोन भाग आतून कोरून भाताच्या खळीने चिकटवतात, म्हणजे पुढे उकलून साफ करता येतात. वरचे झळाळते रोगण ओल अडवते.

देखणी आणि लढाऊ तलवार वऱ्हाडाच्या इतिहासातही आहे. नागपूरकर पहिले रघुजी भोसले यांनी १७५१ साली, हजारभर किलोमीटर दूरच्या बंगालच्या नबाबाकडून वर्षाला १२ लाख रुपये चौथाई कबूल करून घेतली. त्यांच्या तलवारीचे पाते युरोपी, मूठ मराठा घडणीची, आणि पात्याच्या पाठीवर सोन्यात कोरलेले त्यांचे नाव. २०२५ साली राज्य सरकारने ती लंडनच्या लिलावातून ४७.१५ लाख रुपयांना मिळवली.

पुढे दुसऱ्या रघुजींच्या काळात, २९ नोव्हेंबर १८०३ला अकोल्यातल्या अडगावची इंग्रजांविरुद्धची लढाई मराठे हरले, १५ डिसेंबरला मेळघाटातला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. पिढ्यान्‌पिढ्या कमावलेला वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख अवघ्या १८ दिवसांत गेला. म्हणूनच ही तलवार अमरावती-अकोल्याच्या शाळकरी पोरांना जवळून पाहायला मिळायला हवी. तिच्यामागची पराक्रमाची आणि पराभवाची, दोन्ही बेरजा त्यांनी स्वतः मांडाव्यात.